वाळवंटात चार दिवस : काय पाहाल, काय कराल



आजचा विषय सुट्टीचा आहे, त्यामुळे वही-पेन घेऊन बसला नसाल तरी चालेल. विषय आहे वाळवंटातल्या रिसॉर्टवरची सुट्टी. तिथे काय पाहायचं, काय करायचं, आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत. दिवाळी किंवा नाताळ आला की आपल्या ओळखीतलं एखादं तरी कुटुंब जैसलमेरला निघालेलं असतं. परत आल्यावर विचारलं, काय काय पाहिलं, तर उंटावर बसलेला फोटो दाखवतात, सम इथल्या तंबूचं कौतुक करतात आणि रात्री दीड वाजेपर्यंत डीजे वाजत होता म्हणून सांगतात. एवढ्यासाठी पुण्याहून किंवा नागपूरहून दोन दिवसांचा प्रवास करायचा? डीजे तर गल्लीतल्या लग्नातही फुकट ऐकायला मिळतो.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. घराणं नागपूरकडचं, पण तीन पिढ्या जबलपुरात गेल्या, त्यामुळे माझ्या मराठीत अधूनमधून हिंदी डोकावेल, सांभाळून घ्या. आता राहतो कुंडमला. जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर साधारण 45 किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव आहे. वस्ती मुख्यतः गोंड आणि कोल समाजाची, आजूबाजूला टेकड्या आणि जंगल, आणि नर्मदेला मिळणारी हिरन नदी याच परिसरात उगम पावते.

तुम्ही म्हणाल, जंगलात राहणाऱ्या माणसाने वाळवंटावर कशाला बोलायचं? तर मी वाळवंट दोन प्रकारे पाहिलं आहे. एकदा नोकरीत. 1986-87 च्या हिवाळ्यात ‘ब्रासस्टॅक्स’ नावाचा मोठा युद्धसराव राजस्थानात झाला, तेव्हा मी तरुण अधिकारी होतो. पुढे 2002 चा उन्हाळा ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये त्याच वाळूत काढला. आणि निवृत्तीनंतर तीनदा कुटुंबाला घेऊन, पैसे भरून, पाहुणा म्हणून गेलो. नोकरीतलं वाळवंट आणि पाहुण्याचं वाळवंट, दोन्ही माहीत असल्यामुळे सांगतो.

आधी तयारी. जायचं ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चमध्ये ऊन चढायला लागतं आणि एप्रिल ते जून हौसेने जाण्याचे महिने नव्हेत. जोधपूरपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जा आणि तिथून जैसलमेर सुमारे 280 किलोमीटर रस्त्याने. वाटेत पोखरण लागतं. 18 मे 1974 आणि पुन्हा मे 1998 मध्ये अणुचाचण्या झाल्या त्या भागातून आपण जात असतो, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा. तो चाचण्यांचा परिसर लष्करी आहे, तिथे जाता येत नाही. पण पोखरणजवळच्या रामदेवऱ्याला थांबता येतं. बाबा रामदेव पीरांच्या त्या स्थानावर हिंदू आणि मुसलमान दोघंही माथा टेकतात.

कपड्यांचं म्हणाल तर दोन ऋतूंचे कपडे एका बॅगेत भरायचे. हिवाळ्यात दुपारी सुती सदऱ्यावर फिराल आणि रात्री कानटोपी शोधाल. हवेत ओलावा नसतो, आभाळात ढग नसतात, वाळू दिवसभराची ऊब सूर्य मावळताच सोडून देते. तंबूत झोपणार असाल तर घरची एक शाल जास्त असू द्या. बूट बंद घ्या, आणि सकाळी पायात घालण्याआधी उलटे करून झटका. ही सवय आम्हाला पहिल्याच आठवड्यात लावली होती. विंचवालाही रात्री उबदार जागा हवी असते.

आता पहिला दिवस. जैसलमेरचा किल्ला. रावळ जैसल यांनी 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला. पिवळ्या वालुकाश्माचा आहे, 99 बुरूज आहेत, आणि संध्याकाळच्या उन्हात खरोखर सोन्याचा दिसतो. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या 1974 च्या चित्रपटानंतर बंगाली पर्यटक इथे जे येऊ लागले ते अजून येताहेत. 2013 मध्ये राजस्थानच्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर हा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपले किल्ले आपण पाहतो ते बहुतेक ओसाड. इथे आत अजून हजारो माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात, मुलं शाळेला निघालेली असतात.

इथे एक विनंती. राहायची खोली किल्ल्याच्या आत घेऊ नका, खाली शहरात घ्या. कारण ऐका. हा किल्ला बांधला तेव्हा वर पाणी डोक्यावरच्या घड्यांतून यायचं. घरटी चार-सहा घडे. मग नळ आले, न्हाणीघरं आली, हॉटेलं आली आणि सांडपाणी टेकडीच्या पोटात झिरपू लागलं. खालची माती-खडक मऊ पडले, काही बुरूज ढासळले. साडेआठशे वर्षं ज्या किल्ल्याने वेढे सोसले त्याला आपल्या आंघोळीचं पाणी जड जातंय. दिवसभर आत फिरा, जैन मंदिरं पाहा, तिथल्या माणसांकडून वस्तू विकत घ्या आणि झोपायला खाली या.

दुपारी पटव्यांच्या हवेल्या पाहा. व्यापारी कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या पाच हवेल्यांचा तो समूह आहे. दगडाची जाळी इतकी बारीक की लाकडात कोरली असावी असं वाटतं. आणि संध्याकाळी गडीसर तलावावर जा. लोक तिथे नावेत बसून फोटो काढून परततात. तुम्ही घाटावर अर्धा तास बसा आणि एवढा विचार करा, की शेकडो वर्षं या शहराचं प्यायचं पाणी हेच होतं. चौदाव्या शतकात रावळ गडसी यांनी त्याची पुन्हा बांधणी केली. आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आल्यामुळे तो वर्षभर भरलेला दिसतो, पण पूर्वी तो फक्त पावसावर भरायचा. आणि पाऊस किती? वर्षाला 200 मिलिमीटरहूनही कमी. आमच्याकडे जबलपूरला साधारण 1300 मिलिमीटर पडतो. हे दोन आकडे लक्षात असू द्या, मला त्यांच्याकडे परत यायचं आहे.

दुसरा दिवस वाळूचा. एक गैरसमज आधी काढून टाकतो. थरचं वाळवंट म्हणजे सगळीकडे वाळूच्या टेकड्या नव्हेत. जैसलमेरच्या आसपासचा बराच भाग खडकाळ, झुडपांचा, गवताळ आहे. पाहुण्यांना हव्या तशा टेकड्या म्हणजे धोरे, पश्चिमेला सुमारे 42 किलोमीटरवर सम इथे आहेत आणि नैर्ऋत्येला खुडी गावाजवळ आहेत. सम इथे कॅम्पांची रांगच आहे. गोंगाट नको असेल तर खुडी बरं.

वाटेत कुलधरा लागतं. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ओस पडलं. गाईड तुम्हाला सांगेल की दिवाण सालमसिंहाची गावातल्या मुलीवर नजर पडली, म्हणून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली आणि जाताना शाप देऊन गेली. आजकाल भुताच्या गोष्टीही जोडतात. गोष्ट ऐकून घ्या, पण जाणकार लोक वाढता सारा आणि आटलेलं पाणी यांच्याकडेही बोट दाखवतात. माझ्या दृष्टीने त्या गावातली पाहण्याची गोष्ट पडक्या घरांत नाहीच. ती आहे आजूबाजूच्या शेतात. तिला म्हणतात खडीन.

खडीन म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगतो. खडकाळ उतारावरून पावसाचं पाणी वाहून खाली येतं. जिथे उतार संपतो तिथे मातीचा लांबलचक बांध घालायचा. पाणी बांधाआड पसरून उभं राहतं, जमिनीत मुरतं. जास्तीचं पाणी सांडव्यावरून पुढच्या खडीनमध्ये जातं. पाऊसकाळ संपला, पाणी मुरलं, की त्याच ओल्या जमिनीत गहू आणि हरभरा पेरायचा. पुढे एकही पाळी पाण्याची द्यायची नाही. जिथे बाजरी पिकली तरी नशीब, तिथे पालीवाल गहू पिकवत होते. काही खडीन आजही चालू आहेत. जीपवाल्याला म्हणा, खडीन दाखव. तो आधी तुमच्याकडे चमकून पाहील, कारण हे कोणी मागत नाही, पण बहुतेकांना ठाऊक असतात. जानेवारीत गेलात तर वाळवंटाच्या मधोमध हिरवा गहू उभा दिसेल.

या पाण्याच्या कामावर हिंदीत दोन उत्तम पुस्तकं आहेत, ‘आज भी खरे हैं तालाब’ आणि ‘राजस्थान की रजत बूँदें’. लेखक अनुपम मिश्र, जन्म आपल्या वर्ध्याचा, 1948 सालचा. निघण्यापूर्वी दुसरं पुस्तक वाचा. पाण्याचे तीन प्रकार वाळवंटातली माणसं मानतात. पावसाचं वरचं ते पालर पाणी, खोल विहिरीचं ते पाताळ पाणी आणि या दोहोंच्या मधे वाळूत ओलावा म्हणून अडकून राहतं ते रेजाणी पाणी. खाली खडूसारख्या दगडाचा थर असेल तर पावसाचा गोडा ओलावा खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथे माणूस उतरेल एवढी अरुंद कुई खणतात आणि थेंबाथेंबाने गोळा झालेलं पाणी दिवसाला दोन-चार घडे उपसतात. पाण्याला इतक्या बारकाईने नावं देणारी माणसं मी इतरत्र पाहिली नाहीत.

2002 च्या उन्हाळ्यात एका ढाणीवर, म्हणजे चार-सहा घरांच्या वस्तीवर, मी एका आजोबांना आंघोळ करताना पाहिलं होतं. खाटेवर बसले होते, खाली परात. तांब्याभर पाण्यात आंघोळ. परातीतलं पाणी सून कपड्यांना घेऊन गेली, आणि कपड्यांचं उरलेलं पाणी झाडाला. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. आमची पाण्याची गाडी आली की जवान तिच्याकडे धावायचे, आणि आजोबा लांबून हसायचे.

म्हणून रिसॉर्ट ठरवताना मी काय विचारतो ते सांगतो. पोहण्याचा तलाव आहे का, असं लोक विचारतात. मी विचारतो, बादलीने गरम पाणी देता का? दुसरा प्रश्न, रात्री गाणं कोण म्हणणार? तिसरा, जीपमध्ये किती माणसं बसवणार? आणि चौथा, जेवायला इथलं काय असेल?

जीपचं महत्त्वाचं आहे. वाळूच्या टेकड्यांवर जीप उड्या मारत नेतात, त्याला ड्यून बॅशिंग म्हणतात. मला वाळूत गाडी चालवण्याची हौस आहे. आमच्या जबलपूरच्या कारखान्यात बनलेली ‘जोंगा’ मी धोऱ्यांवर मनसोक्त पळवली आहे, त्या गाडीचं नावच जबलपूरच्या अक्षरावरून सुरू होतं. पण नियम ठरलेले होते. टायरमधली हवा कमी करायची म्हणजे चाक वाळूवर पसरतं. टेकडी सरळ चढायची, सरळ उतरायची, तिरपी कधी नाही, कारण तिरपी गाडी कलंडते. आणि पलीकडची बाजू पाहिल्याशिवाय माथा ओलांडायचा नाही. तुमचा जीपवाला हे पाळत नसेल, पट्टा नसेल, मागे आठ जण उभे केले असतील तर खाली उतरा. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या वाटेलाच जाऊ नये.

त्यापेक्षा उंट घ्या. उंट उठतो तो मागच्या पायांवर आधी. त्यामुळे आपण पुढे फेकले जातो. म्हणून उठताना मागे रेलायचं आणि खोगीर घट्ट धरायचं. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच रेलायचं. अर्ध्या तासाची फेरी पुष्कळ, पुढे मांड्या बोलतात. आणि उंटवाल्याशी गप्पा मारा. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 4 लाख उंट होते, 2019 मध्ये अडीच लाख राहिले. ट्रॅक्टर आले, चराऊ रानं कमी झाली, उंट पाळणं परवडेना. आमच्या जबलपूरला ग्रेनेडियर्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. त्यांच्या तेराव्या बटालियनचा वारसा बिकानेरच्या गंगा रिसाल्याकडे, म्हणजे उंटांच्या फौजेकडे जातो. पहिल्या महायुद्धात सुएझ कालव्यापर्यंत जाऊन लढलेले उंटस्वार ते. सीमा सुरक्षा दल आजही या भागात उंटावरून गस्त घालतं. तेव्हा उंटवाल्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करताना एवढं आठवा.

संध्याकाळ झाली, सूर्य मावळला, की कॅम्पवर गाण्याबजावण्याचा कार्यक्रम. इथे तुमचा दुसरा प्रश्न कामाला येतो. जैसलमेर-बाडमेरकडे मांगणियार आणि लंगा ही पिढीजात गायकांची घराणी आहेत. मांगणियार मुसलमान, त्यांचे यजमान बहुतेक राजपूत. यजमानाच्या घरी बाळ जन्मलं, लग्न झालं, माणूस गेला, प्रत्येक वेळी गाणं यांचं. त्यांचं वाद्य कमायचा. आंब्याच्या लाकडाचा गोल पोकळ भाग, त्यावर बकरीचं कातडं, आणि गजाने वाजवायचं. आवाज असा खर्जातला, भरदार, की पोटात जाणवतो. हमीरा गावचे साकर खान यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली ती या वाद्यासाठीच. लाकडाच्या पट्ट्यांची खडताल बोटांत धरून जो वाजवतो त्याचे हात नीट पाहा. बहुतेक कॅम्पवर यांना पाऊण तास देतात आणि मग डीजे लावतात. आम्ही आठ-दहा पाहुण्यांनी मिळून मॅनेजरला सांगितलं, डीजे नको, यांनाच गाऊ द्या. त्या रात्री म्हातारा कमायचावाला साडेअकरापर्यंत वाजवत होता. बिदागी त्यांच्या हातात द्या, आणि फर्माईश नवीन सिनेमातली करू नका.

गाणं संपलं की दिव्यांपासून पाचशे पावलं दूर जा, अर्थात सोबत घेऊन आणि वाट लक्षात ठेवून. आभाळ पाहा. अमावास्येच्या जवळपास गेलात तर फार उत्तम. हिवाळ्यात मृग, कृत्तिका, व्याध ओळखायला सोपे. उत्तरेला इंग्रजी ‘एम’सारखी दिसणारी शर्मिष्ठा शोधा आणि तिच्यावरून ध्रुव. आता हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. ध्रुव क्षितिजापासून जितका वर तितके तुमचे अक्षांश. जैसलमेरला तो 27 अंशांवर, म्हणजे पावणेतीन मुठी. कुंडमला 23, मुंबईला 19. नातवंडांना हे दाखवा, आणि घरी गेल्यावर गच्चीवरून पुन्हा मोजायला सांगा. जीपीएस नव्हतं तेव्हा रात्री आम्ही याच ताऱ्याच्या भरवशावर चालायचो.

सकाळी ऊन यायच्या आत उठा. वाळूवर रात्रभराच्या हालचालींची नोंद असते. भुंगेऱ्याची दोन ओळींची शिलाई, कोल्ह्याची सरळ रेषेतली पावलं, सापाची वळणं. वाऱ्याने पुसायच्या आत एक तास मिळतो. पावलं वाचणाऱ्या माणसांना इकडे पगी म्हणतात, आणि सीमेवर त्यांच्या नजरेचा मोठा आधार असतो. मुलांसाठी यापेक्षा चांगला खेळ मला माहीत नाही.

तिसरा दिवस सीमेचा. जैसलमेरहून तनोट आणि लोंगेवाला, दोन्ही साधारण 120 किलोमीटर. पहाटे निघा, टाकी भरून घ्या, पाणी माणशी चार लिटर गाडीत ठेवा. तनोट मातेच्या देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे. 1965 च्या युद्धात आसपास पडलेले पण न फुटलेले गोळे तिथे मांडून ठेवले आहेत. तनोटच्या पुढे थेट सीमेच्या चौकीपर्यंत जायचं असेल तर परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र जवळ असू द्या.

लोंगेवाला मी प्रत्येक वेळी पाहतो. 4 डिसेंबर 1971 ची रात्र. चौकीवर 23 पंजाबची एक कंपनी, सुमारे 120 जवान, कमांडर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून रणगाड्यांसह मोठी फौज चालून आली. माघार घ्यायची की लढायचं, हा निर्णय चांदपुरींवर सोपवलेला होता. त्यांनी चौकी सोडली नाही. आपली विमानं रात्री उडू शकत नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत तग धरायचा होता. शत्रूचे काही रणगाडे मऊ वाळूत रुतले. उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी बाकीचं काम केलं. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं. ‘बॉर्डर’ सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला असतो, तिथे उभं राहून संवाद म्हणणारेही भेटतात. मी एवढंच सुचवतो की एकदा त्या खंदकाच्या जागी उभे राहून पश्चिमेला पाहा. आडोसा कुठेही नाही. मग अंधाराची, डिसेंबरच्या थंडीची आणि समोरून येणाऱ्या इंजिनांच्या आवाजाची कल्पना करा. आमच्याबरोबरची मुलं तिथे आपोआप गप्प झाली होती. 

एक सावधगिरी. या भागात वाळूत एखादी धातूची वस्तू दिसली तर हात लावू नका, लाथ मारू नका, आठवण म्हणून उचलू नका. जागा लक्षात ठेवा आणि जवानाला सांगा.

चौथा दिवस दोन दुर्मीळ गोष्टींचा. बाडमेर रस्त्यावर 17 किलोमीटरवर आकल आहे. तिथे दगड झालेली झाडं पडली आहेत, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची. आज जिथे झुडूप उगवायला धडपडतं तिथे तेव्हा जंगल होतं. आमच्या कुंडमहून शहपुऱ्याकडे गेलं की घुघुवाचं जीवाश्म उद्यान लागतं, तिथेही दगड झालेली झाडं आहेत. दोन्हीकडे मी दगडावर हात ठेवून पाहिला आहे. वर्षावलयं बोटांना लागतात.

दुसरी गोष्ट माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, पण आज देशातले बहुतेक सगळे माळढोक जैसलमेर परिसरातच उरले आहेत. एकूण दीडशेच्या आत. मादी वर्षाला सहसा एकच अंडं घालते. पक्षी मोठा, जड, आणि समोरचं त्याला कमी दिसतं, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळतो. सूर्याची आणि वाऱ्याची वीज हवीच आहे, पण तारा माळढोकाच्या आभाळातून गेल्या आहेत, आणि हा पेच सर्वोच्च न्यायालयातही गेलेला आहे. डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये वनखात्याची परवानगी घेऊन सकाळी जा. दिसेलच असं नाही. आम्हाला तिसऱ्या खेपेला दिसला, लांबून, गवतातून मान वर काढून चालणारा. त्याच्यामागे जीप पळवायला ड्रायव्हरला कधीही सांगू नका. पार्कजवळची गावं आपली ओरणं राखतात. ओरण म्हणजे आपली देवराईच. देवाच्या नावाने सोडलेलं रान, कुऱ्हाड लावायची नाही.

जेवणाचं राहिलं. केर-सांगरीची भाजी मागून घ्या. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो ती. जोधपूरजवळच्या खेजडली गावात 1730 मध्ये ही झाडं वाचवण्यासाठी अमृतादेवींसह 363 बिश्नोईंनी प्राण दिले. बाजरीची भाकरी तर आपली ओळखीचीच, फक्त तिथे तिच्यावर तूप सढळ हाताने घालतात. बाटी खाताना विदर्भाच्या मंडळींना रोडग्यांची आठवण येईल. थाळीत पाणी टाकून हात धुऊ नका, यजमानांच्या डोळ्यांना ते खुपतं.

आता ते दोन आकडे. जैसलमेर 200 च्या आत, जबलपूर 1300. आणि तरी मे महिन्यात आमच्या कुंडमच्या टेकड्यांवरच्या पाड्यांत बायका डोक्यावर घडे घेऊन लांब चालतात. नदीचा उगम आमच्याकडे, पाऊस सहापट, आणि उन्हाळ्यात हातपंप कोरडे. पाणी उतारावरून येतं आणि सरळ निघून जातं.

गंमत अशी की खडीनचा भाऊ आमच्याच जिल्ह्यात होता. जैसलमेरला हवेली म्हणजे पटव्यांचा वाडा. जबलपूरकडे हवेली म्हणजे बांध घातलेली शेतं. पाटण, सिहोऱ्याच्या काळ्या जमिनीत शेतकरी चारी बाजूंनी बांध घालून पावसाळाभर पाणी उभं ठेवायचे, ऑक्टोबरमध्ये सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचे. सोयाबीन आलं, पावसाळ्यात शेत रिकामं ठेवणं परवडेना, बांध फुटत गेले. शहरात गोंड राजांच्या काळचे तलाव होते, राणीताल, चेरीताल, आधारताल. आज ही बहुतेक मोहल्ल्यांची नावं म्हणूनच लोकांना ठाऊक आहेत.

दुसऱ्या सहलीहून परतल्यावर मी माझ्या शेताच्या खालच्या कडेला मातीचा बांध घातला, साधा, कमरेएवढा, सांडवा दगडाचा. शेजारच्या गोंड शेतकऱ्याने उतार कुठे धरायचा ते सांगितलं, त्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. आता तीन पावसाळे झाले. माझी विहीर पूर्वी एप्रिलच्या सुरुवातीला तळ दाखवायची, यंदा मेच्या मध्यापर्यंत पाणी होतं. दीड महिना मिळाला. त्या दीड महिन्यात शेजारच्या चार घरांचे घडे तिथे भरले जातात. गेल्या वर्षी त्याच्या वरच्या शेतातही आम्ही मिळून बांध घातला, म्हणजे आता त्याचं जास्तीचं पाणी माझ्याकडे येतं, पालीवालांच्या खडीनसारखं.

म्हणून जैसलमेरला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की उंटावर बसा, गाणं ऐका, पोटभर खा, लोंगेवाल्याला जाऊन या, आणि दिवसातला एक तास खडीनसाठी काढा. मराठवाड्यातून, माणदेशातून, विदर्भातून जाणाऱ्यांनी तर जरूर. बांधाची उंची किती, सांडवा कुठे, पेरणी कधी, हे तिथल्या शेतकऱ्याला विचारा. तो आनंदाने सांगतो, चहाही पाजतो. फोटो उंटाचा काढाल तसाच एक त्या बांधाचाही काढून आणा आणि गावी कोणाला तरी दाखवा.

यंदा डिसेंबरात आम्ही पुन्हा निघतोय. या वेळी शेजारचा तो शेतकरीही बरोबर येणार आहे. त्याने अजून वाळवंट पाहिलेलं नाही.

जय हिंद.